एक भाकर, एक प्याला

आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसून शिकतात. त्यांपैकीं कोणी ना कोणी दर वर्षीं, विशेषतः ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत, आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतो. ख्रिस्ती लोक देवळांत जाऊन भाकरीचा तुकडा खातात व द्राक्षारसाचा घोट घेतात, याचा अर्थ तरी काय? विचारणाराच्या स्वरांत कधीं जिज्ञासा असते, कधीं थोडें हंसूंही असतें. पालकांपैकीं कांहीं जण हाच प्रश्न काळजीनें विचारतात, कारण द्राक्षारस या शब्दाबरोबर त्यांच्या मनांत दारूचा गुत्ता उभा राहतो. आणि खेदाची गोष्ट ही कीं, ख्रिस्ती घरांतील मुलांस कोणी हें विचारिलें तर त्यांतील बरींचशीं “आमच्यांत तसें करतात,” एवढें सांगून गप्प बसतात. ज्या विधीस ख्रिस्ती मंडळी आपल्या उपासनेचा गाभा मानिते, त्याविषयीं एवढें उत्तर पुरेसें नाहीं. म्हणून या अंकांत आम्ही आमचें मत थोडक्यांत मांडूं इच्छितों. तें मत असें कीं, या विधीवरील उत्तम भाष्य शोधावयास रोम किंवा लंडन येथें जावयास नको. तें आपल्या पुण्याच्या पेठांतच घडून गेलें आहे.

प्रथम विधीची हकीकत सांगूं. येशू ख्रिस्तास ज्या रात्रीं धरून नेलें, त्या रात्रीं तो यरुशलेमांतील एका माडीवर आपल्या बारा शिष्यांसह जेवावयास बसला होता. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचे ते दिवस होते. मिसर देशांतील दास्यांतून आपले पूर्वज एका रात्रींत निघाले. कणीक फुगण्यापुरताही त्यांस अवकाश मिळाला नाहीं. या गोष्टीची आठवण म्हणून यहुदी लोक त्या सणांत बेखमीर भाकर खात असत व आजही खातात. त्या जेवणांत येशूनें भाकर हातीं घेतली, देवाचे उपकार मानिले, ती मोडली आणि शिष्यांस वाटली. तिला त्यानें आपलें शरीर असें म्हटलें. नंतर द्राक्षारसाचा प्याला त्यानें सर्वांत फिरविला व त्यास आपल्या रक्तानें होणाऱ्या नव्या कराराची खूण म्हटलें. आणि आपल्या स्मरणार्थ हें करीत जावें, असें सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं तो वधस्तंभावर मरण पावला. तेव्हांपासून आजतागायत त्याचे अनुयायी ती आज्ञा पाळीत आले आहेत. या विधीस कोणी प्रभुभोजन म्हणतात, कोणी पवित्र सहभागिता म्हणतात, आणि कॅथलिक मंडळी ज्या उपासनेंत तो करिते तिला मिस्सा म्हणतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या रात्रींच्या पंगतींत धन्यास विकणारा यहुदा बसला होता, आणि पहांट होण्यापूर्वीं त्यास तीन वेळां नाकारणारा पेत्रही बसला होता. तें जेवण केवळ सज्जनांसाठीं मांडलेलें नव्हतें.

आतां, भाकर व द्राक्षारस हेच दोन पदार्थ कां? फळ जसें झाडावरून तोडून खावें तशी भाकर कोणास मिळत नाहीं. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, दळण, कांडण, मळणें व भाजणें इतक्या हातांतून धान्य जाईल तेव्हां तें पोटांत जातें. द्राक्षांचेंही तसेंच, वेल लावणारा, राखणारा, तोडणारा व मळे तुडविणारा असे अनेक जण राबतील तेव्हां प्याला भरतो. म्हणजे देवापुढें जें ठेवावयाचें तें केवळ सृष्टीचें देणें नव्हे; त्यांत मनुष्याचा घामही आहे. शिवाय दाणा भरडला गेल्याशिवाय पीठ होत नाहीं, आणि द्राक्ष चिरडलें गेल्याशिवाय रस होत नाहीं. जो आपल्या देहाचा दुसऱ्यांकरितां चुराडा होऊं देणार होता, त्यानें आपली खूण म्हणून हे दोन पदार्थ निवडावे, यांत मोठें औचित्य आहे. मराठी वाचकास आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालीं बाहेर पडला. तेव्हांपासून मराठी बायबलाचीं अनेक भाषांतरें झालीं. पण पंगतींतल्या पोळीचा किंवा पक्वान्नाचा मान देणारा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींत रूढ झाला नाहीं. ‘भाकर’ हाच शब्द रूढ झाला. आमच्या देशावर भाकर म्हणजे कष्टकऱ्याचें जेवण. भाकरीसाठीं माणूस घर सोडतो, भाकरीसाठीं परमुलुखांत जातो. वेदीवर ठेवावयाची भाकर प्रत्यक्षांत गव्हाची असते हें खरें. परंतु तिचें मराठी नांव मात्र ज्वारी-बाजरी खाणाऱ्या गरिबाच्या चुलीपुढून आलें आहे.

या भाकरीचें व द्राक्षारसाचें नेमकें काय होतें, यावर ख्रिस्ती पंडितांनीं शतकानुशतकें वाद केला आहे. कॅथलिक मंडळी असें मानिते कीं, आचार्यानें अभिषेक केल्यावर रंग, रूप व चव तींच राहिलीं तरी मूळ द्रव्य पालटतें आणि तें ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतें. १२१५ सालच्या लॅटेरन परिषदेंत या मतास शब्दरूप मिळालें व १५५१ सालीं ट्रेंट येथील परिषदेनें तें पुन्हां दृढ केलें. १५२९ सालीं जर्मनींतील मारबुर्ग येथें ल्यूथर व झ्विंग्ली हे दोन सुधारक याच प्रश्नावर समोरासमोर बसले. ख्रिस्त त्या भाकरींत खरोखर उपस्थित असतो असें ल्यूथरचें म्हणणें. भाकर ही केवळ स्मरणाची खूण असें झ्विंग्लीचें म्हणणें. अनेक मुद्द्यांवर त्यांचें एकमत झालें. या एका मुद्द्यावर झालें नाहीं. या वादांचा निकाल लावण्याचा अधिकार आमच्यासारख्या शाळामास्तरांचा नाहीं, आणि ज्याची जी श्रद्धा आहे तिला धक्का लावण्याची आमची इच्छाही नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, भाकरीचें काय होतें हा जसा एक प्रश्न आहे, तसा ती खाणारांचें काय होतें हा दुसरा प्रश्न आहे. पहिल्यावर पोथ्यांच्या पोथ्या लिहिल्या गेल्या. दुसऱ्याचें उत्तर मात्र प्रत्येकास आपल्या वागणुकीनें द्यावें लागतें.

हा दुसरा प्रश्न नवीन नाहीं. करिंथ शहरांतील मंडळीस संत पौलानें पत्र लिहिलें, तेव्हां त्याचा राग याच गोष्टीवर होता. तेथील श्रीमंत लोक प्रभुभोजनास लवकर येत, आपापलें अन्न आपणच खाऊन टाकीत व यथेच्छ पीत; मागाहून कामावरून थकून आलेले गरीब उपाशी राहत. हें प्रभूचें भोजनच नव्हे, असा पौलाचा स्पष्ट अभिप्राय आहे. भाकर एक आहे म्हणून ती खाणारे पुष्कळ असले तरी एक शरीर आहेत, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि जो त्या शरीराची ओळख न ठेवितां खातो, तो आपल्यावर दोष ओढवून घेतो. ‘दिदाखी’ नांवाच्या अतिप्राचीन ख्रिस्ती ग्रंथांत भोजनप्रसंगींची एक प्रार्थना आहे. तिचा भावार्थ असा कीं, डोंगरांवर विखुरलेले दाणे जसे एकत्र येऊन एक भाकर झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या दिशादिशांतून एकत्र येवो. हा ग्रंथ कित्येक शतकें हरवला होता. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली. या भोजनाचा जो अर्थ आम्ही सांगतों आहों, तो आम्हीं आपल्या पदरचा काढलेला नाहीं, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. एकत्र जेवणें ही आज सोपी गोष्ट वाटते. पण ज्या समाजांत कोणाच्या हातचें पाणी चालतें, कोणाच्या हातचें अन्न चालत नाहीं, कोणाची पंगत निराळी व कोणाची सावलीही नको, असे बारीक नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले, तेथें एक भाकर मोडून सर्वांनीं खाणें याइतकी अवघड गोष्ट दुसरी नव्हती. गुरुवार पेठेंत पंचहौद म्हणून प्रसिद्ध स्थान आहे. तेथील पवित्र नाम देवालय १८८५ सालचें. त्याचें उंच घंटाघर अजूनही पेठेंतील घरांवरून दिसतें. त्याच पंचहौद मिशनांत १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थांस व्याख्यानासाठीं बोलावण्यांत आलें. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्यासारखीं माणसें तेथें होतीं. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला. कोणी भिडेस्तव पेला हातीं धरून तसाच खालीं ठेविला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, आणि शहरांत एकच गहजब उडाला. ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, शास्त्रार्थ झाला. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्याचें प्रकरण मिटण्यास अशीं जवळजवळ दोन वर्षें लागलीं.

आजचा विद्यार्थी ही गोष्ट ऐकतो तेव्हां हंसतो. आम्हांस मात्र तींत हंसण्यासारखें थोडें व विचार करण्यासारखें पुष्कळ दिसतें. त्या दिवशीं मिशनांत प्रभुभोजन नव्हतें. कोणाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. कोणी आपला देव सोडला नव्हता. घशाखालीं गेला तो साधा चहा. तरीही सनातनी मंडळींस तो पेला एवढा भयंकर कां वाटला? कारण एकाच्या घरीं बसून त्याच्या हातचें घेणें म्हणजे त्यास आपला मानणें, हें त्यांस पुरतेपणीं ठाऊक होतें. एका ताटाचा अर्थ त्यांनीं बरोबर ओळखिला. त्यांची चूक झाली ती त्या अर्थास भिण्यांत. वसईच्या बाजूस अशी दंतकथा सांगतात कीं, पोर्तुगीज अमदानींत विहिरींत पाव टाकीत व त्या विहिरीचें पाणी प्यालेला सबंध गांव बाटला असें समजून समाज त्यास बाहेर टाकी. कथेंत इतिहास किती हें इतिहासकारांनीं ठरवावें. पण ज्यांस पावानें बाटविलें असें आपण म्हणतों, त्यांस गांवाबाहेर घालविण्याचें काम पावानें केलें काय? तें काम शेजाऱ्यांनीं केलें. जी भाकर माणसें जोडण्याकरितां मोडावयाची, तिचाच उपयोग माणसें तोडण्याकरितां झाला, आणि या पापाचे वांटेकरी दोन्हीं बाजूंस होते.

पंचहौदाच्या जवळच गंज पेठेंत जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पुढें १९२७ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस डॉक्टर आंबेडकर हजारों अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व त्यांनीं ओंजळीनें पाणी घेतलें. त्यानंतर तें तळें ‘शुद्ध’ करण्याचा खटाटोपही झाला. या थोर पुरुषांच्या कृतींचा ख्रिस्ती विधीशीं संबंध जोडून त्यांवर हक्क सांगावा, असा आमचा हेतु नाहीं. परंतु एक गोष्ट आम्हांस दिसते. महाराष्ट्रांत समतेचे मोठे लढे ग्रंथांत नव्हे, तर ओंजळींत, पेल्यांत व पंगतींत लढले गेले. आमच्या वारकऱ्यांसही हें ठाऊक आहे. श्रीकृष्णानें सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला केला व सर्वांनीं मिळून तो खाल्ला, ही गोष्ट प्रत्येक मराठी मूल ऐकतें. काला व प्रभुभोजन हे एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. दोहोंचा उगम व आशय निरनिराळा आहे. पण ज्यानें काल्याची गोडी चाखली आहे, त्यास एक भाकर सर्वांनीं कां खावी हें समजावून सांगण्यास फार वेळ लागूं नये.

येथवर वाचून ख्रिस्ती वाचकास अभिमान वाटूं लागला असेल तर त्यानें थोडें थांबावें. दक्षिणेंत तमिळ मुलखांतील कित्येक जुन्या मंडळ्यांत ख्रिस्ती लोकही जातीजातींनीं निरनिराळे बसत, आणि प्रभुभोजनास आधीं कोणी जावें व मागाहून कोणी, हें जातीवरून ठरे. अखेर १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांस पत्र काढून बजावावें लागलें कीं, मंडळींत जातिभेदास थारा असतां कामा नये. भाकर तीच, प्याला तोच. परंतु वरच्या जातीचे ओंठ लागल्यावर मग खालच्या जातीचे, असा क्रम! करिंथ येथील रोग अठराशें वर्षांनीं पुन्हां उद्भवला, एवढेंच. महाराष्ट्रांतही ही वाट कोणास सोपी गेली नाहीं. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. मधल्या वर्षांत सोंवळें व ताटाचा निराळेपणा एका कुलीन बाईच्या मनांतून कसा पायरीपायरीनें गळाला, हें त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावें. तें वाचतांना ध्यानांत येतें कीं, बुद्धीस पटलेली गोष्ट घशाखालीं उतरावयास फार काळ लागतो. आणि आजचें काय? लग्न जुळवितांना पूर्वींची जात विचारणारीं ख्रिस्ती घरें अगदीं नाहींतच, असें कोणी छातीस हात लावून म्हणूं शकेल काय? रविवारीं ज्याच्या शेजारीं गुडघे टेकून भाकर घेतली, त्यास सोमवारीं उंबऱ्याबाहेर उभें करणारानें ती भाकर खरोखर घेतली काय? आमच्या मतें त्यानें नुसतें पीठ खाल्लें.

आतां पालकांच्या काळजीविषयीं. पॅलेस्टाईन देशांत द्राक्षारस हें रोजच्या जेवणांतील पेय होतें. सणाच्या पंगतींत तर तो असेच. प्राचीन काळापासून प्याल्यांत थोडें पाणी मिसळण्याचा प्रघात आहे व तो कॅथलिक उपासनेंत अजून चालतो. विधींत कोणाच्या वांट्यास घोटाहून अधिक येत नाहीं; कित्येक ठिकाणीं उपासकांस केवळ भाकर देतात. ज्या मंडळ्यांस मद्याचा थेंबही नको वाटतो, त्यांनीं दुसरी वाट काढिली आहे. थॉमस वेल्च नांवाच्या अमेरिकन मेथॉडिस्ट गृहस्थानें १८६९ सालीं द्राक्षांचा रस तापवून तो आंबूं न देतां टिकविण्याची युक्ति काढिली, ती याच विधीकरितां. केरळांतील जुन्या ख्रिस्ती मंडळींत ताजीं द्राक्षें नसत, तेव्हां मनुका भिजवून त्यांचा रस घेत. आपल्या प्रांताच्या १९४९ सालच्या दारूबंदीच्या कायद्यांतही धार्मिक विधीस लागणाऱ्या द्राक्षारसापुरती सवलत ठेविली आहे. या सर्वांचें तात्पर्य असें कीं, या प्याल्यांत नशेचा प्रश्नच नाहीं. उलट, ज्याच्या घरीं दारूपायीं बायकामुलें उपाशी निजतात, तो मनुष्य जर हा प्याला हातीं घेईल, तर त्यास आपल्या दुसऱ्या प्याल्याची लाज वाटली पाहिजे. या प्याल्यांत दुसऱ्यासाठीं सांडलेलें रक्त आहे; दारूच्या प्याल्यांत दुसऱ्याच्या तोंडचा घांस आहे.

प्याल्याविषयींच आणखी एक प्रश्न हल्लींच्या दिवसांत उभा राहिला. रोगजंतूंचें ज्ञान पसरूं लागलें, तेव्हां १८९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक देवळांनीं एका प्याल्याऐवजीं ज्याचा त्यास लहान पेला देण्यास आरंभ केला. ती रीत आपल्याकडील अनेक मंडळ्यांतही आहे. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, मार्च महिन्यांत देवळांचीं दारें बंद झालीं, आणि लोक घरीं बसून दूरध्वनीच्या पडद्यावर उपासना पाहूं लागले. आरोग्याचे नियम पाळणें हेंही शेजाऱ्यावरील प्रेमच आहे; म्हणून निराळ्या पेल्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु सोयीपायीं खुणेचा विसर पडूं नये. पेले निराळे झाले तरी रस एका भांड्यांतला आहे, हें लहान मुलांस मुद्दाम सांगावें. सांथीच्या त्या दिवसांनीं एक गोष्ट मात्र शिकविली. एकट्यानें घरीं भाकर खाण्यास कोणाची हरकत नव्हती. तरी देवळें उघडलीं तेव्हां म्हातारींकोतारीं माणसें काठी टेकीत आलीं. त्यांस उणीव भासत होती ती भाकरीची नव्हे. शेजारीं कोणी तरी बसावें याची.

एक आक्षेप मात्र आम्हांस टाळतां येत नाहीं, कारण तो आमच्याच वर्गांतील मुलें घेतात. तीं म्हणतात, “तुम्ही पंक्तिभेदास नांवें ठेवितां, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यास तुम्ही तरी प्रभुभोजनास बसूं देतां काय?” आक्षेप खरा आहे. इतकेंच काय, ख्रिस्ती लोकांतही ही पंगत अद्याप एक झालेली नाहीं. १९७० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत नागपूर येथें सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, ही आनंदाची गोष्ट. तथापि क्वार्टर गेटजवळच्या कॅथलिक देवळांतील उपासक व पंचहौद येथील उपासक एका वेदीपाशीं भाकर घेऊं शकत नाहींत. आमचें उत्तर असें. हा विधि म्हणजे एका धन्याच्या मार्गानें मरेपर्यंत चालण्याची शपथ आहे. ज्यास ती शपथ घ्यावयाची नाहीं त्याच्याकडून ती खाण्याच्या निमित्तानें घेवविणें हा अन्याय होईल. या दाराशीं जन्म विचारीत नाहींत, निश्चय विचारितात. पंक्तिभेदांत व या मर्यादेंत हा मोठा फरक आहे. परंतु एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं आणि होऊंही नये. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स देवळांत एक सुंदर चाल आहे. विधि आटोपल्यावर वेगळी ठेविलेली आशीर्वादाची भाकर विधींत भाग न घेतलेल्यांसही वांटतात. त्या चालीचा अर्थ आम्ही असा लावितों कीं, ज्यास वेदीपाशीं बोलावितां येत नाहीं, त्यास ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या घरच्या जेवणास दुप्पट अगत्यानें बोलावावें. वेदीची मर्यादा घराच्या उंबऱ्यापर्यंत आणणारास ती मर्यादा सांगण्याचा अधिकार राहत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, प्रभुभोजनास तुमच्यापैकीं थोडेच बसतात. मधल्या सुट्टींत डबा उघडावयास मात्र सगळेच बसतां. या लेखाचा उपयोग तेथें करून पाहा. कोणाच्या डब्यांत काय आहे म्हणून कोणी नाक मुरडितो काय? भाकरी व चटणी आणली म्हणून एखादा मुलगा भिंतीकडे तोंड करून खातो काय? ज्याच्या घरीं त्या दिवशीं चूल पेटली नाहीं, असा कोणी नळाचें पाणी पिऊन खेळाच्या मैदानाकडे निघून जातो काय? जें ज्याच्या आईनें नको म्हणून सांगितलें तें त्यानें खाऊं नये. आईची आज्ञा मोडा असें आम्ही सांगत नाहीं. पण शेजारीं बसण्यास, आपल्यांतलें देण्यास, व देतांना दुसऱ्याची मान खालीं न घालविण्यास कोणत्याही धर्माची मनाई नाहीं.

आणि ख्रिस्ती पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस प्रभुभोजनाची तयारी करून घेतांना प्रश्नोत्तरें पाठ करून घ्यालच. त्याबरोबर त्यांस एकदां पंचहौदाच्या घंटाघराखालीं उभें करून त्या चहाच्या पेल्याची गोष्ट सांगा. या शहरांत एका पेल्यासाठीं मोठमोठ्यांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें, हें त्यांस कळूं द्या. मग आपल्या हातावर ठेविलेला भाकरीचा तुकडा किती जड आहे हें त्यांचें त्यांस समजेल. आणि तो उचलण्यापूर्वीं तीं एकदां उजव्या व डाव्या बाजूस कोण गुडघे टेकून बसलें आहे तें पाहतील.